दहा परार्ध, सोळा अब्ज, त्रेसष्ट

हापसालूला खाडी गोठली की
एर्नाबाईंच्या स्वयंपाकघरात भागाकार सुरू व्हायचा.
मी माडीवरचा भाडेकरू, बर्फाची जाडी मोजायला आलेला.
खालून पेन्सिलीचा आवाज यायचा,
उंदरानं सावकाश दार कुरतडावं तसा.

संख्या थोरल्या साल्मेनं पाठवलेली,
दुधाच्या बिलामागे, मायना नाही, सही नाही:
१०००००००१६०००००००६३
आणि खाली एकच शब्द: फोड.

साल्मे गणिताची शिक्षिका. राहायची
मधलं एक घर सोडून.
अकरा वर्षं दोघी बोलल्या नव्हत्या.
मधल्या हिल्याला कोणती शाल पांघरून पुरायचं
यावरून बिनसलं, ते बिनसलंच.

एर्नाबाईंचं फेलिक्स यंत्र
सागरी नकाशांच्या कचेरीतून त्यांच्याबरोबरच निवृत्त झालेलं,
तेरा घरांचं. एकोणीस आकडे त्यात मावेनात.
म्हणून हातानं.
तीन? नाही, अंकांची बेरीज सतरा.
सात. अकरा. तेरा. बाकी उरतेच.
एकशे एक. बाकी.
नऊशे सत्त्याण्णव. बाकी.
अकराव्या हिवाळ्यात त्या बत्तीस हजारांच्या पलीकडे गेल्या.

न राहवून मी एकदा सांगितलं,
असंच शेवटपर्यंत जायचं तर
पाच कोटींवर मूळ संख्या तपासाव्या लागतील.
"मला दुसरं काय काम आहे?" त्या म्हणाल्या
आणि माझ्या ताटलीत आणखी एक हेरिंग वाढला.

मग विचारलं, "तुमच्याकडे हिला काय म्हणतात?"
मी उजवीकडून घरं चढत गेलो,
एकं, दहं, शतं... खर्व, निखर्व... शंकू, जलधी,
शाळेत छड्या खाऊन पाठ केलेलं
आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडत होतं:
दहा परार्ध, सोळा अब्ज, त्रेसष्ट.
"एवढंच?"
एवढंच. मधली शून्यं आम्ही बोलत नाही.
आणि सवयीनं पुटपुटलो, सात नवे त्रेसष्ट.
त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला.

पेन्सिल थांबली.
सात नि नऊ... सोळा.
मग त्यांनी एक हातचा घेतला,
कुठल्याच बेरजेतून न आलेला,
आणि त्रेसष्टात मिळवला.
अख्खी संख्या चौरस होऊन पसरली टेबलावर:
एक अब्ज आठ टाके लांब, तेवढीच रुंद शाल,
जिचा फक्त एक टाका सुटला होता.

म्हणजे एक अब्ज सात.
म्हणजे एक अब्ज नऊ.

"पण ह्या दोघी अभंग कशावरून?" मी.
एर्नाबाईंनी वह्यांच्या चळतीवर हात ठेवला.
एकतीस हजार सहाशे बावीसच्या अलीकडच्या कुणालाच
मोठी फोडता आली नाही,
तर तिच्या पोटातल्या दोघी कशा फुटतील?
अकरा हिवाळ्यांची बाकी
साक्षीला उभी राहिली.

आणि मधली? एक अब्ज आठ?
दोन, तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ,
जो येईल त्याला निःशेष.
हिल्याचं दुकानही तसंच होतं म्हणे. लोकर, रॉकेल, बटाटे,
आणि उधारीची वही कधी ठेवलीच नाही.

कोट. बूट. काठी. मी टॉर्च धरला.
हिल्याच्या घरापुढचा बर्फ कुणी उपसत नाही,
तिथे गुडघाभर.
साल्मेनं साखळी न काढता दार उघडलं.
"फरक?"
"दोन."
साखळी निघाली.

बराच वेळ नुसती किटली बोलत होती.
मग एर्नाबाई म्हणाल्या,
"मधलीला पाचानं भाग जात नाही."
"कसा जाईल?" साल्मे म्हणाली,
"पाच वाजता ती दुकान बंद करायची,
बाहेर बिशप उभा असला तरी."